गिझरचे याकूबचाचा

आमच्या बिल्डिंगमध्ये गप्प राहून अंघोळ करायला मनाई होती. हा नियम घरमालकांचा नव्हता, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या याकूबचाचांचा होता.

ज्यांच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे, त्यांनी आत गेल्यापासून कडी काढेपर्यंत तोंडानं काहीतरी म्हणत राहायचं. पहिल्या मजल्यावरचे बँकेतले साहेब आरत्या म्हणायचे. समोरच्या घरातली सून अंघोळीला गेली की चाचा जिन्यातूनच सासूला सांगायचे, "भाभी, सुनंला बोलतं ठेवा." एरवी एकमेकींशी न बोलणाऱ्या त्या दोघी तेवढ्यापुरत्या दारातून भांडून घ्यायच्या.

मला गाणं येत नाही. मी अर्थशास्त्राच्या व्याख्या म्हणायचो. चाचा दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकायचे. "थांब, ते मागणीचं पुन्यांदा सांग. भाव वाढला की मागणी कमी व्हती? मंग कांद्याचं तसं का होत नाय रे?" साबण लावलेल्या अंगानं मी कांद्याचा विचार करत राहायचो.

चाचांनी वाळूजच्या एका कारखान्यात बॉयलरवर सगळी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर बिल्डिंगमधले गिझर हेच त्यांचे बॉयलर झाले. कुणाकडेही गेले की नमस्कार-चमत्काराआधी पहिला प्रश्न, "हवा कुठून जाती?" मग पेटवलेली उदबत्ती बाथरूमच्या खिडकीपाशी धरायची. धूर बाहेर ओढला गेला तर घर पास, आत फिरला तर नापास. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचं घर दोनदा नापास झालं होतं. आयुष्यभर पोरं नापास करणाऱ्या मास्तरांना ते फार लागलं होतं.

आमच्या खोलीत मी आणि दत्ता राहायचो. मी अजिंठ्याकडचा, तो बिडकीनचा. दोघांच्याही घरात कॉलेजात आलेले आम्हीच पहिले. गावाकडं पाणी अंगणातल्या चुलीवर तापायचं. जाळाचा त्रास म्हणजे धूर, एवढंच आम्हाला ठाऊक. गिझरला धूर नाही, म्हणजे भीती नाही.

चाचा समजावून दमले. "बेटा, जळलेली हवा दिसत नाय. वास बी येत नाय. माणूस उभ्या उभ्या झोपतो. गिझर बाहेर गॅलरीत टांगा. नायतर निदान खिडकी तरी उघडी ठेवा." घरमालकांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. ते म्हणाले, बघू.

डिसेंबरात थंडी वाढली. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमधून वारा यायचा. आम्ही तिथं गोणपाट कोंबलं. सकाळी चाचा यायच्या आत काढायचं, ते गेले की पुन्हा लावायचं. शिवाय त्यांची गंमत करायची म्हणून दत्ता कधी कधी मुद्दाम गप्प बसायचा. चाचा घाबरून दार वाजवायचे, "अरे दत्त्या, बोल की!" तो आतून हसायचा. मीही हसायचो. ते पुन्हा स्टुलावर बसायचे.

एका सकाळी गोणपाट काढायचं राहिलं. दत्ता आत होता. चाचांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मी पलंगावर पुस्तक घेऊन बसलो होतो आणि हसत होतो. चाचांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि खांद्यानं दार फोडलं.

दत्ता भिंतीला टेकून बसला होता, मान खाली. चाचांनी आधी गॅस बंद केला, मग त्याला फरफटत गॅलरीत नेलं. "खोल श्वास घे राजा, खोल." मी टॉवेल घेऊन नुसता उभा. दत्तानं डोळे उघडले, उलटी केली. मी खाली रिक्षा आणायला पळालो. चाचा आत गेले ते मी जाताना पाहिलं. दवाखान्यातून आम्ही दुपारी परत आलो. दत्ता बरा होता.

घरमालक तुटलेलं दार बघत उभे होते. खिडकी सताड उघडी होती. गोणपाट कुठं गेलं, ते मला कळेना. मालकांनी दत्ताला विचारलं, "काय झालं होतं रे?" दत्ता म्हणाला, "काही खाल्लं नव्हतं. चक्कर आली." मालक चाचांकडं वळले. "पोराला चक्कर आली तर तुम्ही दार फोडता? उद्या बायामाणसांच्या घरात शिराल. खिडकी तर उघडीच आहे की! आजपासून कुणाच्या दारात दिसू नका." जिन्यात जमलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. मास्तर तर मोकळेपणानं हसले.

खरं सांगितलं असतं तर खोली गेली असती. परीक्षेचं वर्ष होतं. मी फरशीकडं बघत राहिलो.  चाचा स्टूल उचलून खाली गेले.

नंतर आम्ही गिझर लावलाच नाही. पण चाचा पुन्हा वर आले नाहीत. हळूहळू बिल्डिंगमधल्या आरत्या थांबल्या. सासू-सुनाही गप्प झाल्या.

परीक्षा झाल्यावर आम्ही खोली सोडली, तेव्हा मी एकटाच त्यांच्याकडं गेलो. पाच महिने उशिरा. म्हणालो, "चाचा, खिडकीत आम्ही गोणपाट कोंबलं होतं."

"हौ. मीच काढलं ना ते."

"मग मालकांना का नाही सांगितलं?"

"परीक्षा व्हती तुमची. कुठं गेले असते बोचकं घेऊन?" मग म्हणाले, "लोकांच्या घरी जायची सवय लागली व्हती, एवढंच. जाईल हळूहळू."

मी म्हणालो, मालकांना आत्ता जाऊन सांगतो. ते नको म्हणाले. तरी मी जायला हवं होतं. गेलो नाही.

त्यांनी चहा केला. नव्या खोलीत पाणी कशावर तापवणार, ते विचारलं. मी सांगितलं, हीटरवर. ते बरं म्हणाले. मग कपातल्या चहाकडं बघत त्यांनी विचारलं, "दूर हाय का रे खोली? म्हातारा माणूस चालत येईल एवढी?"

खोली टी.व्ही. सेंटरच्या पलीकडं होती, चालत पंधरा मिनिटं. पण नव्या खोलीतल्या पोरांसमोर ते रोज सकाळी येऊन बसले तर, असं माझ्या मनात आलं.

"लई दूर आहे, चाचा," मी म्हणालो.

"असू दे," ते म्हणाले, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.