तिसरी हाक

आर्वो नीमी मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला आणि बूट न काढता तसाच उभा राहिला. फरशीवर लाल चिखल उतरू लागला. लोखंडाच्या खाणींचं गाव. बर्फ वितळला की चिखल लालच असतो, आणि त्याचा डाग सहसा जात नाही.

"आर्वो, बूट," हेल्मी म्हणाली.

तो हलला नाही.

"आर्वो, बूट काढ म्हटलं ना."

तरी तो उभाच. मग ती हसली आणि हसतच म्हणाली, "दगडाला सांगितलं असतं तर त्यानं काढले असते."

आता आर्वोने बूट काढले. हेल्मीला जाऊन सात आठवडे झाले होते.

हा हाकांचा उद्योग तिचाच होता. दर गुरुवारी ती वाचनालयातल्या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळात जायची. पत्त्यांच्या जोडाएवढा तो कॉम्प्युटर. कुणी त्याच्यावर पाऊस मोजायचं, कुणी पाखरांचे फोटो काढायचं. हेल्मीने नवऱ्याला वळण लावायला घेतलं. दाराला एक बटण, बुटांच्या ट्रेखाली वजनकाटा आणि पावाच्या जुन्या डब्यात स्पीकर. दार उघडल्यावर ट्रेवर वजन पडलं नाही, तर तिचा रेकॉर्ड केलेला आवाज हाका मारायचा. वजन पडलं की गप्प.

ती होती तोवर आर्वो पहिल्याच हाकेला बूट काढायचा. दफनविधीहून परतला तेव्हा त्याला बुटांचं भान नव्हतं. तिसरी हाक आहे, आणि तीत ती हसते, हे त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो बूट घालूनच आत यायचा.

शेजारची रोझेला हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं बटाटा-मटणाचं भांडं, घेऊन आली आणि तिने फरशी पाहिली. "माणूस खचलाय," तिने चर्चमध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोघींना घेऊन आली, बादल्यांसकट. तिघींनी शिस्तीत आपले बूट ट्रेवर ठेवले. ट्रेवर वजन पडलं. आर्वो अंगणातून आत आला, उभा राहिला, वाट पाहिली. काही नाही.

त्याने तिघींचे बूट हळूच उचलून बाहेर पायरीवर ठेवले.

"माझ्या बुटात पाणी कसं रे?" जाताना रोझेलाने विचारलं.

"म्हटलं, जरा हवा लागू दे."

"हवा? बाहेर पाऊस पडतोय, आर्वो."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. आता रोज यायचं, हे तिथेच ठरलं.

चौथ्या दिवशी रोझेलाने फरशी घासायचं मशीन आणलं. भिंतीवर प्लग एकच. तिने त्यातली बारकी वायर ओढून काढली आणि मशीन सुरू केलं. ही यंत्रं अशी मधेच बंद करायची नसतात. आतलं मेमरी कार्ड बिघडतं. आर्वोने वायर पुन्हा जोडली तेव्हा नुसता लाल दिवा लागला. तो दार उघडून आत आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला.

"आता काय झालं?" रोझेलाने विचारलं.

"त्यात हेल्मी होती," आर्वो म्हणाला, आणि त्याने तिला सगळं सांगितलं.

रोझेला ओल्या फरशीवरच बसली. मग उठून तिने तो बंद पडलेला कॉम्प्युटर आणि गाडीची किल्ली घेतली. "चल. कोनीकडे जाऊ. ती हेल्मीच्या मंडळातली. तिला जमेल."

कोनीचा नवरा ड्वेन अंगणात बर्फ काढायचं यंत्र पुसत होता. "ती आतच आहे, या," म्हणत त्याने मागचं दार उघडलं. दोघे आत शिरले, मागे रोझेला.

"आर्वो, बूट," फळीवरून हेल्मी म्हणाली.

आर्वोने भिंत धरली. ड्वेनचा चेहरा पडला.

"रागावू नकोस बाबा. हेल्मीनेच कॉपी दिली होती. मंडळातल्या अकरा बायकांनी घेतली. नाव बदलायचं राहून गेलं. दोन वर्षं झाली, या गावात आणखी अकरा घरांत नवऱ्याचं नाव आर्वो आहे."

"कोनीचा आवाज का नाही घातला?" रोझेलाने विचारलं.

"कोनी म्हणते, माझं कुठं ऐकतोस तू."

"आर्वो, बूट काढ म्हटलं ना."

"ती गेल्यावर बंद करणार होतो," ड्वेन खाली बघत म्हणाला. त्याच्या पायांत बूट होते, आणि तोही काढत नव्हता. "थांब जरा. तिसऱ्याला ती..."

"माहीत आहे," आर्वो म्हणाला.

हेल्मी हसली.

आतून कोनी फडकं घेऊन तावातावाने आली. दारात आर्वो दिसताच थांबली, आणि तिने फडकं पाठीमागे धरलं. रोझेलाने बंद पडलेला कॉम्प्युटर पुढे केला.

"कार्ड बिघडलंय ना? दे इकडे," ती म्हणाली. "कॉपी करून देते. दहा मिनिटं लागतील."

"सावकाश कर," आर्वो म्हणाला. "तोवर मी हे दार एकदा लावून परत उघडलं, तर चालेल का?"