बाटलीतली मांदेली

आमच्या कॉलेजात डबा उघडायची मला चोरी झाली होती. झाकण निघायचा अवकाश, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई रंगराव खिशातलं भिंग काढून माझ्या कालवणावर वाकायचे. मी ऑफिसातला टंकलेखक. दुपारी दोन घास निवांत खावेत, एवढीच माझी अपेक्षा. पण डब्यात सुकी मासळी दिसली की या गृहस्थांना राहवायचं नाही.

"भाऊसाहेब, काय खाताय हे?"

"बोंबलाची पिल्लं," मी एकदा बेसावधपणे म्हणालो.

"डोळं हायत का बटणं?"

हे त्यांचं पालुपद. प्राध्यापकापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना एकाच मापाने. त्यांनी माझ्या डब्यातली एक मासळी चिमटीत धरून उचलली. "ही मांदेली हाय! शेपटी बघा, कशी चाबकागत निमुळती होत गेलीया. बोंबलाची अशी असती व्हय? आन् कल्ल्याखाली ह्ये बारीक दोरं. बोंबलाला दोरं असत्यात?"

मी म्हटलं, "रंगराव, ती माझी जेवणाची आहे."

"खावा की. पन वळखून खावा!"

संताप यायचा हो. माणसाने पोटात काय ढकलायचं याचीही आधी परीक्षा द्यायची?

समुद्र आमच्यापासून लांब, घाटाखाली. सांगलीत मासळी यायची ती वाळून, गोणपाटात. त्यामुळे मोठा तो बोंबील आणि बारकी ती बोंबलाची पिल्लं, अशी सरळ वाटणी गावाने करून टाकली होती. रंगरावांना ती मान्य नव्हती. सातवी नापास माणूस. पण दरवर्षी विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर रत्नागिरीला जायचा आणि पोरं वाळूत क्रिकेट खेळत असताना बंदरावर कोळणींपाशी बसून मासे ओळखायला शिकायचा. आठवडी बाजारात तर त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. "बोंबलाची पिल्लं घ्या" अशी हाळी ऐकू आली की हे पिशवी खाली ठेवून उभे.

"पिल्लू म्हनू नगंस! हिच्या पोटात अंडी हायत. पिल्लाच्या पोटात पिल्लं असत्यात व्हय गं?"

"आवं मामा, घ्यायची तर घ्या, न्हाईतर वाट सोडा. गिऱ्हाईक चाललं माझं."

"हिची वाढच येवढी असती! वीतभर न्हाई, पन पुरी हाय ती, पुरी!"

लोक हसायचे. मीही हसायचो, आणि तरातरा पुढे निघून जायचो.

त्यातच कॉलेजची तपासणी आली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. विभागप्रमुखांच्या मनात आलं, प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्यांवर शुद्ध मराठी चिठ्ठ्या हव्यात. त्यांनी सांगितल्या, मी टाइप केल्या. मांदेलीच्या बाटलीवर चिठ्ठी लागली, 'बोंबील : बाल्यावस्था'. फॉर्मालिनमध्ये मांदेलीचा सोनेरी रंग उतरतो, पोटावरचे मोत्यांसारखे ठिपके पुसट होतात. पण शेपटी काही कुठे जात नाही. प्रमुखांनी ती बघितलीच नव्हती.

रंगरावांनी दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली. प्रमुखांनी दुसरी लावली, यांनी तीही काढली. शेवटी प्रमुखांनी त्यांना फर्मावलं, माफीनामा लिहून द्या, नाहीतर निलंबन. रंगराव म्हणाले, "माशाची माफी मागा आदी!" आणि घरी निघून गेले ते परतलेच नाहीत.

दोन वर्षांवर निवृत्ती आलेला माणूस, आणि एका माशापायी नोकरीवर लाथ मारतो! माफीनामा मीच टाइप केला. सही घेऊन यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. भर दुपारी तासगावची एसटी, पुढे द्राक्षांच्या मळ्यांतून दोन मैल पायपीट. वाटभर मी रंगरावांना ऐकवायची भाषणं जुळवत होतो.

बाहेर रणरणतं ऊन, आत सोप्यात अंधार. जमिनीवर कुणी पाठमोरं शेंगा फोडत होतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी असावी.

"बाळ, घरात कोणी मोठं माणूस आहे का?" मी विचारलं.

तिने मान वळवली. कानशिलावरचे केस पांढरे होते.

"मीच मोठी हाय," ती शांतपणे म्हणाली. "या, बसा."

आतून रंगराव आले. त्यांनी ऐकलं होतं. आता 'डोळं हायत का बटणं' येणार म्हणून मी अंग चोरलं. पण ते खाली बघत एवढंच म्हणाले, "आक्का, भाऊसाहेब आल्यात कॉलेजातनं. च्या ठिवतीस?"

आक्का आत गेल्या. रंगराव माझ्याशेजारी बसले.

"थोरली भन माजी. सात वर्सांनी थोरली. आई गेल्यावर कडंवर घिऊन वाढिवलं मला हिनं. नऊ वर्साचा हुतो तवा हिच्या उंचीला लागलो. तवापास्नं दारात आल्यालं माणूस हेच इचारतंय. बघायला एक पाव्हना आला न्हाई हिला. बारकी हाय म्हनायचं आन् हसायचं." त्यांनी समोरची एक शेंग उचलून फोडली. "मांदेली पयल्यांदा घरी आणली, भिंगातनं दावली हिला. पोटातली अंडीबी दावली. म्हनली, येवढीच असती व्हय? मग पुरी हाय की."

माफीनामा मी खिशातून काढलाच नाही. चहा प्यालो, आक्कांच्या पाया पडलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांना सांगितलं, "निलंबनाचा कागद मी टाइप करणार नाही. बाटलीवर खरं नाव लागत नाही तोवर दुसरा माणूस बघा." तपासणीचे सगळे कागद माझ्याच यंत्रावर अडकले होते आणि मराठी टाइप करणारा अख्ख्या कॉलेजात मी एकटा. प्रमुख बराच वेळ धुमसले. मग म्हणाले, "लावा काय लावायचं ते!"

मी लावलं. 'मांदेली : प्रौढ'.

मी निरोप धाडला, रंगराव कामावर आले. चिठ्ठीवर भिंग धरून म्हणाले, "शाई फिकी हाय." दोन दिवसांनी ते आक्कांना घेऊन आले. आक्का स्टुलावर चढून बाटलीकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं.

"प्रौढ म्हंजी?"

"म्हंजी पुरी वाढल्याली, आक्का," रंगराव म्हणाले.

संध्याकाळी दोघांना तासगावच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर तिकिटं फाडत आला. आक्कांकडे ओझरतं बघून त्याने रंगरावांना विचारलं, "एक फुल, एक हाफ ना?"

रंगराव तोंड उघडायच्या आत खिडकीबाहेरून माझाच आवाज चढला.

"डोळे आहेत का बटणं?"

अख्खी गाडी वळून बघायला लागली. आक्कांनी तोंडाला पदर लावला. रंगराव खिशातलं भिंग काढून ते धोतराच्या सोग्याने पुसत राहिले, गाडी हलेपर्यंत.