शून्य मतांची शाखा

फॉर्म केयाचा होता, पण झोप उडाली होती तिच्या बाबांची, रवींद्रची. केया पाच वर्षं डेट्रॉईटच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. आता तिला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं होतं, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स. कॉलेजात प्रवेश मिळाला होता. शुक्रवारपर्यंत फक्त शाखा कळवायची होती: लहान मुलं, वृद्ध, कुटुंब, स्त्रियांचं आरोग्य किंवा मानसिक आरोग्य. ज्या शाखेत शिकायचं त्याच शाखेची परीक्षा आणि त्याच शाखेचं सर्टिफिकेट. पुढे मन बदललं तर पुन्हा कॉलेजची पायरी चढायची.

रवींद्रने तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासले होते. मार्चमध्ये डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय गावातल्या त्याच्या कंपनीने त्याचा विभागच बंद केला आणि केक कापून त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तपासायला काही उरलं नव्हतं. रोज दुपारी तो गॅरेजमध्ये जाऊन बंद गाडीत तासभर बसायचा आणि बायकोला सांगायचा, "टायर बघत होतो." आता मुलीचं भविष्य तावडीत सापडल्यावर तो कसला सोडतो.

"एक माणूस चुकतो," तो बायकोला, नीलांबरीला म्हणाला, "पण दोनशे लोकांची सरासरी चुकत नाही. डेटा आहे तो." आणि त्याने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकला: आमच्या केयाने कोणती शाखा घ्यावी?

मंडळात दोनशे चौदा माणसं. गणपतीच्या आरतीची वेळ ठरवायला त्यांना तीन आठवडे लागतात. इथे तासाभरात नव्वद मतं पडली आणि त्यातली एकसष्ट 'वृद्ध'ला. कारण उघड होतं. उन्हाळा होता, घरोघरी भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आले होते, आणि त्यांच्या प्रवासी विम्यात कोणाचेच गुडघे बसत नव्हते. मानसिक आरोग्याला मत पडलं नाही, एकही.

केयाचा फोन आला. "बाबा, you made a poll? माझ्या लाइफवर?"

"अगं, गुप्त मतदान आहे."

"नाहीये. कोणी काय टिक केलं ते नावासकट दिसतं. Everyone can see."

हे रवींद्रला माहीत नव्हतं.

रविवारी केया घरी आली तर दारात सात गाड्या. मंडळींनी मतं दिली होती, आता आईवडील आणले होते. बरोबर फायली होत्या आणि चकल्यांचे डबे.

"नुसतं बीपी बघ गं," रेणू काकू म्हणाल्या. "मत तुझ्या भल्यासाठीच दिलंय ना."

"काकू, मी अजून प्रॅक्टिशनर नाहीये. बीपी बघते, पण औषध नाही सांगणार."

"चालेल. औषधं पिशवीभर आहेत."

रवींद्रच्या अंगात कारखाना संचारला. त्याने चिठ्ठ्यांवर नंबर घालून त्या वाटल्या, माणशी सात मिनिटं ठरवली आणि अभ्यासाच्या खोलीबाहेर घड्याळ घेऊन उभा राहिला. आजीआजोबा पाच मिनिटांत आटोपले. घोळ झाला तो त्यांना घेऊन आलेल्यांचा. "सहज माझंही बघ," म्हणत रेणू काकू आत गेल्या त्या चाळीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत. मग मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र गेले. त्यांना माइक कधी लागत नाही, पण आतून आवाजच येईना.

रवींद्रने दार वाजवलं. "सात मिनिटं झाली."

"बाबा, प्लीज," आतून केया म्हणाली.

पाऊण तासाने शैलेंद्र लाल डोळ्यांनी बाहेर आले आणि कोणी न विचारता म्हणाले, "बीपी नॉर्मल आहे." चकलीचा डबा मात्र विसरून गेले.

संध्याकाळी घर रिकामं झालं. केयाने अभ्यासाच्या खोलीतच लॅपटॉप उघडून फॉर्म भरला. रवींद्रने वाकून पाहिलं. "मानसिक आरोग्य? अगं, त्याला शून्य मतं आहेत."

"नावं दिसतात ना, बाबा. म्हणून शून्य."

"लोक काय म्हणतील?"

"ते म्हणालेत सकाळपासून. दार लावून." तिने लॅपटॉप मिटला. "आत कोण काय बोललं ते मी सांगणार नाही. पण तुम्ही सगळ्यांना नंबर दिलेत, स्वतःला नाही."

"माझं बीपी ठीक आहे."

"मी मशीन काढलंच नाहीये. टायर कसे आहेत, बाबा?"

रवींद्रने दार लावलं. मग त्याने खुर्ची ओढली आणि मार्चपासून जे गाडीला सांगत होता ते मुलीला सांगितलं. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. बाहेरून नीलांबरीने दार वाजवलं. "सात मिनिटं कधीच झाली. जेवायला या."

जेवणाआधी त्याने फोन काढला. पोल अजून उघडाच होता. त्याने शेवटच्या ओळीवर, 'मानसिक आरोग्य'वर, टिक केलं. दोनशे चौदा लोकांसमोर त्याचं नाव तिथे एकटंच उभं राहिलं. आता ग्रुप सोडावा की गाव, असा विचार त्याच्या मनात येतो आहे तोवर फोन वाजला. दुसरं मत शैलेंद्रचं होतं.

तिसरं नीलांबरीचं होतं, आणि ती तर शेजारी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

रवींद्रने फोन ठेवला, केयाला म्हणाला, "तू बस, आलो," आणि तो स्वयंपाकघरात गेला. जाताना त्याने दार लावून घेतलं.