घुंगरांचा चेंडू

वानखडे भाऊजी पंख्याखाली कधीच बसत नसत. आमच्याकडे आले की खुर्ची उचलून दाराजवळच्या कोपऱ्यात नेत आणि वर बघत म्हणत, "वहिनी, हा एक दिवस पडते." भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. क्वार्टरांना नुकतीच वीज आली होती. सगळी कॉलनी वारा खात असताना हा माणूस कोपऱ्यात घाम पुसत बसे.

भाऊजी मूळचे दुर्गचे, कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. शेजारच्या क्वार्टरात एकटेच राहत. विंचवाच्या भीतीने जोडे आपटून आपटून त्यांनी टाचा सैल केल्या होत्या. कारखान्याचा भोंगा झाला की काही अपघात झाला असेल म्हणून जेवता जेवता उभे राहत. त्यांचं पालुपद एकच: "पहिले पाहून घ्या."

हे पालुपद फक्त माझ्या सुमीपुढे अडायचं. सुमी चार वर्षांची. जन्मापासूनच तिला उजेड-अंधार आणि जवळचा भडक रंग, एवढंच कळे. तिच्यासमोर "पहिले पा..." एवढं तोंडातून निघालं की भाऊजी जीभ चावत आणि म्हणत, "पहिले विचारून घ्या."

तिच्या वाढदिवसाला खेळणं घ्यायचं म्हणून ते मला दुर्गच्या बाजारात घेऊन गेले. दुकानात त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि एकेक वस्तू चाचपायला लागले. पत्र्याच्या मोटारीची कड बोट कापेल. लाकडी पोपटाची चोच डोळ्यात जाईल. शिट्टीतला मणी घशात अडकेल. दुकानदाराने कळवळून त्यांना स्टुलावर बसवलं आणि मला हळूच विचारलं, "कब से है बेचारे को?" मला हसू आवरेना. भाऊजींना ते कळलंच नाही. ते बाहुलीचे केस ओढून पाहत होते.

आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. मग त्यांनी स्वतःच लाल कापडाचा चेंडू शिवला. आत कापूस आणि अगदी मधोमध घुंगरं, म्हणजे पोरीच्या तोंडात जायला नकोत. शिवण उसवते का, ते दाताने ओढून पाहिलं. सुमी त्या चेंडूसाठी वेडी झाली. आवाज जाईल तिकडे ती जाऊ लागली.

आणि तसाच एका दुपारी चेंडू ओट्यावरून घरंगळत रस्त्यावर गेला. मी नळावर कपडे धूत होते. हॉर्न ऐकून मान वर केली, तर गिट्टीचा ट्रक येत होता आणि सुमी हात पुढे करून त्याच्याच दिशेने चालली होती. तेवढ्यात ड्युटीवरून येणाऱ्या भाऊजींनी सायकल तिथेच सोडली आणि ट्रकसमोर धाव घेतली. तिला कवेत घेऊन ते मुरुमात पडले. ट्रक थांबला तेव्हा चेंडू चाकाखाली होता. ड्रायव्हर शिव्या देत उतरला.

त्यानंतर भाऊजी आमच्याकडे यायचेच बंद झाले. मीही दाराला कडी लावून बसू लागले. रस्त्यावर गाडी वाजली की सुमीला जवळ ओढायचे. शेवटी सुमीला घेऊन त्यांच्याकडे गेले. ते खाटेवर बसले होते, कोपर सोललेलं.

"मीच देल्ला न तो चेंडू," ते म्हणाले. "सगळं तपासलं मी. आवाजामागं पोरगी रस्त्यावर जाईन, हेच नाही सुचलं मले."

मी म्हटलं, तुम्ही नसता तर पोर गेली असती.

सुमी चाचपडत त्यांच्याजवळ गेली. तिची बोटं चष्म्यावरून गालावर आली आणि ओली झाली.

"काका, तुम्ही भिऊन राहिले का?"

"हो बेटा. मी रोजच भितो."

"मग कोणाले सांगता?"

भाऊजींनी खोलीकडे पाहिलं. एक खाट, एक ताट, एक पेला.

"कोणालेच नाही," ते म्हणाले.

सुमी खाटेवर चढली आणि त्यांना अगदी चिकटून बसली. "मले सांगा."

मला वाटलं, ते हसून टाळतील. पण त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि तिच्याकडे वाकून, लहानपणी ज्या विहिरीला भ्यायचे, तिच्यापासून सांगायला सुरुवात केली.