दोनी कान दिसले पायजेत

नाकतोड्याला हनुवटी खाली घ्यायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो पनवेलला, तळ्याकाठच्या बागेत. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात पांढरा पुठ्ठा. तो पुठ्ठा नाकतोड्याच्या मागे धरून गृहस्थ अदबीनं सांगत होते, "हलायचं नाय. हनुवटी जरा खाली. आनि दोनी कान दिसले पायजेत."

नाकतोड्याचे कान पोटाला असतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. निवृत्त माणसाला वाचलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही. "मंग पोट दिसलं पायजे," म्हणाले आणि गुडघे टेकून बाजू बदलली.

हे नाखवा. उरणच्या कोळीवाड्यातले. होडीऐवजी कॅमेऱ्यात डोकं घालणारे घरातले पहिलेच. पनवेलात त्यांचा स्टुडिओ होता. आखातात जाणारे, कॉलेजात जाणारे, लग्नाला उभे राहिलेले असे सगळे त्यांच्या पांढऱ्या पडद्यापुढे बसून गेले. पुढे पासपोर्टचे फोटो ऑफिसातच काढायला लागले, आणि बाकीचे लोक मोबाइलवर काढायला लागले. नाखवांनी एका संध्याकाळी शटर ओढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बागेत आले. गिऱ्हाईक बदललं, पद्धत तीच राहिली.

एका कागदावर पासपोर्ट साइजचे आठ फोटो बसतात, म्हणून प्रत्येक किड्याच्या आठ कॉप्या निघत. त्या छोट्या पाकिटात घालून ते वाटत. बागेच्या वॉचमनच्या पाकिटात देवाच्या फोटोमागे एक भुंगा होता. माझ्याकडे एक चतुर होता, इतका गंभीर की एखाद्या शाळेच्या संचालक मंडळावर शोभला असता. त्यांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा खंडोबाचा किडा. सांगितल्यावर मान वळवणारा बागेत तो एकटाच, माणसं धरून.

पक्ष्यांच्या मागे पुठ्ठा धरता येत नाही. त्यासाठी ते धुक्याची वाट बघत. थंडीत एखाद्या सकाळी तळ्यावरून धुकं उठायचं आणि हलक्या हातानं एकेक गोष्ट पुसत यायचं. आधी पलीकडच्या इमारती जात, मग कंपाउंड, मग बाकं. शेवटी एखादं झाड उरे आणि त्यावर एखादं पाखरू, कोऱ्या कागदावर ठेवल्यासारखं. आम्ही दोघं त्या पांढऱ्यात उभे असायचो. बोललो तर सगळंच विरून जाईल असं वाटायचं.

"बगा," नाखवा कुजबुजत, "वरच्यानं पुठ्ठा धरला."

रविवारी निसर्गप्रेमींचा एक गट यायचा. टोप्या, खिसेच खिसे असलेली जाकिटं आणि तोफांएवढ्या लेन्स. त्यांचे प्रमुख प्रत्येक पक्ष्याचं लॅटिन नाव खणखणीत उच्चारत, तोवर पक्षी उडून जाई. पुठ्ठ्यामुळे निसर्गाची नैसर्गिकता हरवते, असं त्यांनी एकदा नाखवांना समजावलं. नाखवांनी त्यांच्या कॅमेऱ्यातला फोटो बराच वेळ पाहिला.

"झाड बरं आलंय," ते म्हणाले. "पन याच्या घरच्यांनी याला वळखायचं कसं?"

नाखवांना हुलकावणी दिली ती एका तांबटानं. मूठभर हिरवा पक्षी, कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका. पिंपळाच्या शेंड्यावर टुक् टुक् करत बसायचा, पण नेहमी अर्धा चेहरा फांदीआड. दोन हिवाळे नाखवा त्याच्यामागे होते. मी एकदा म्हटलं, अर्धा तर अर्धा, ओळखू येतो की. एरवी कधी न रागावणारा हा माणूस एकदम तुटक झाला.

"अर्धा चालत नाय, सायेब."

मग दोन दिवस ते दिसले नाहीत. वॉचमनला पत्ता विचारून मी घरी गेलो. ताप होता. खाटेसमोरच्या भिंतीवर त्यांच्या बायकोचा हार घातलेला फोटो होता. लहानाचा मोठा केलेला, म्हणून धुरकट. अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड गेलेला. एक डोळा दिसत होता, एक कान, कानात कुडी, आणि कपाळावरचं अर्धं कुंकू.

"भाचीच्या लग्नातला ग्रुप हाय," नाखवा म्हणाले. "दुसरा नाय. दर दिवालीला बोलायची, माझा एक काडा. मी बोलायचो, तू काय, घरचीच हायस. गिऱ्हाईक जाऊ दे, मंग काडू."

मग त्यांनी विचारलं, "वैनींचा हाय का एक? नीट?"

मी आठवून पाहिलं. महाबळेश्वरचा होता, ताजमहालाचा होता. त्यांच्या पायथ्याशी कुठेतरी ही होती.

नाखवा बरे झाल्यावरच्या पहिल्या धुक्याच्या सकाळी मी हिला बागेत नेलं. "मी काय किडा आहे?" असं म्हणतच ती निघाली होती, पण साडी इस्त्रीची होती. पुठ्ठा लागलाच नाही. तिच्यामागचं सगळं पनवेल पुसलं गेलं होतं. नाखवांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात वरून टुक् टुक् ऐकू आलं. पिंपळाच्या उघड्या फांदीवर तांबट बसला होता. अख्खा, आमच्याकडे तोंड करून, मागे नुसतं पांढरं. मी नाखवांच्या दंडाला हात लावून वर बोट दाखवलं.

त्यांनी वर पाहिलं. चांगलं डोळे भरून पाहिलं. मग कॅमेरा पुन्हा हिच्याकडे वळवला.

"वैनी," ते म्हणाले, "केस जरा मागं घ्या. दुसरा कान दिसत नाय."