अण्णांनी तपासलेला समुद्र

आमच्या पंचवटीतल्या गल्लीत दौलतअण्णांना कुणी पेढा दिला, तर ते तो आधी उलटा करून बघतात. मग वास घेतात, मग खातात. माझ्या मुलाच्या बारशाचा पेढाही त्यांनी चारचौघांत असाच तपासला होता. त्याचा मला अजून राग आहे.

अण्णा चाळीस वर्षं भाजीबाजारात आडत्या होते. टोमॅटोचं क्रेट आलं की तळापर्यंत हात घालायचे. “वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो,” हे त्यांचं पेटंट वाक्य. बाजार सुटला, सवय सुटली नाही. डॉक्टरांनी “तब्येत उत्तम” म्हटलं, तर यांनी त्याच दिवशी दुसरा डॉक्टर गाठला.

माझं फ्रेमचं दुकान आहे. परवा दुपारी अण्णा जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन आले आणि त्यांनी आधी दुकानाचा दरवाजा लोटून घेतला.

“हिरानं काढलंय, तिच्या त्या क्लासात. खरं सांग, माल कसा हाय?”

हिराकाकू म्हणजे त्यांची बायको. साठीनंतर त्या चित्रकला शिकायला लागल्या, तेव्हापासून अण्णांना तो क्लासच संशयास्पद वाटतो.

चित्र समुद्रकिनाऱ्याचं होतं. एका लोकप्रिय चित्रकाराची गुबगुबीत माणसं हल्ली कपांवर, कॅलेंडरांवर दिसतात. त्याच्याच कॅलेंडरातल्या एका चित्रावरून हे काढलेलं. लहान मुलानं काढाव्या तशा सरळसोट लाटा, होडीपेक्षा मोठा मासा, उंटावर बसून भेळ खाणारी बाई, टोपीसकट पाण्यात उभा हवालदार. मी पोट धरून हसलो. अण्णा हसले नाहीत.

“नक्कल आहे, पण झकास जमलीय,” मी म्हणालो.

“नक्कल हाय ते मला ठाऊक हाय. हे बघ.”

त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. सगळी माणसं समुद्राकडे तोंड करून मजेत होती. एकच म्हातारा समुद्राकडे पाठ करून, कोळणीची पाटी उलटी धरून तिचा तळ बघत होता. पांढरी टोपी, झुपकेदार मिशा. अण्णाच.

“कॅलेंडरात हा नाय, मी ताडून बघितलं. ही हसती का रे माझ्यावर? क्लासातल्या बायांना दाखवून हसली असंल.” त्यांचा आवाज जरा बसला होता.

मला एकदम त्यांची कीव आली. पेढ्याचा राग बाजूला ठेवून मी चित्र दिव्याखाली धरलं. मूळ चित्र माझ्या पाहण्यातलं आहे. त्यात एक बाई छत्रीखाली आरामात लोळत असते. काकूंनी तिला स्वतःसारखं हिरवं लुगडं नेसवून उठवून बसवलं होतं. हात लांब करून तिनं छत्री त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर धरली होती, आणि स्वतः उन्हात होती.

“हसतायत तर खरंच,” मी म्हणालो. “पण छत्री कुणावर आहे बघा.”

अण्णांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिले. सवयीनं चित्र उलटं करायला त्यांचा हात गेला आणि मध्येच थांबला.

“वाशीला भाजीच्या गाडीबरोबर लय वेळा गेलो,” ते म्हणाले. “गाडी खाली केली की माघारी. समुद्र मीबी बघितला नाय अन् तिलाबी दाखवला नाय.”

ते चित्र पुन्हा चादरीत गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता त्यांचा चेहरा परत संशयी झाला.

“पण हा निळा रंग मला काय खरा वाटत नाय. जाऊन बघायला पाहिजे. तिला घेऊनच जातो. काढणारी ती हाय, तिलाच कळंल.”