मालनबाईंचा बेइमान अंगठा

उषाच्या हातून तिसरी कपबशी फुटली आणि मालनबाईंनी निकाल दिला, "धर्मा, हिला हसनाबादला नेऊन घाल. माहेरी गेली की हातपाय बराबर चालतेत."

उषाचे पाय चालता चालता गुंतत, बोटांतून वस्तू निसटत, मधूनच डोळ्यांपुढं धुकं येई. सासूच्या मते हा कामचुकारीचा आजार. धर्मराजनं मात्र बायकोला जालन्याच्या दवाखान्यात दाखवून आजाराचं नाव आणलं, मल्टिपल स्क्लेरोसिस.

"एवढं लांब नाव? मंग बनावटच असंल," मालनबाई म्हणाल्या. "पुढल्या खेपेला मी येते संगं. नाटक निघालं तर तिथूनच हसनाबादची गाडी."

उषानं गुपचूप कपड्यांची पिशवी भरली.

दवाखान्यात एक डॉक्टरीण याच आजाराचा अभ्यास करत होती. डोक्यावर चुंबकाचं कडं धरायचं, टक् झालं की हाताचा अंगठा उडतो. मेंदूचा निरोप अंगठ्यापर्यंत किती वेळात पोचला, ते यंत्र मोजतं. तुलनेला एक धडधाकट माणूस हवा होता. धर्मराज पुढं सरकला.

"तू सर बाजूला!" मालनबाईंनी त्याला मागं ओढलं. " तुला एका हाकेत कधी उठलेला पाह्यला न्हाई. मी बसते."

"वय, मावशी?"

"लिहा पन्नास. धा वर्सं झाले, पन्नासच हाय."

"डोक्याजवळचं सगळं लोखंड-सोनं काढा."

कानातलं निघालं. अंबाड्यातून सहा आकडे, नजर लागू नये म्हणून खोचलेला खिळा आणि शेवटी कपाटाची किल्ली निघाली.

"माय!" धर्मराज ओरडला. "ही किल्ली उषानं हरवली म्हणून तू महिनाभर बोलून राह्यली!"

"मंग? सापडली न्हाई का आता? डॉक्टरीणबाई, जल्दी करा."

"हात सैल सोडा."

सैल सोडतील त्या मालनबाई कसल्या! आपला अंगठा आपल्याला न विचारता हलतो म्हणजे काय? त्यांनी मूठ आवळली. टक्! अंगठा टुणकन उडाला.

"हे मी न्हाई केलं!"

"आवळू नका, मावशी. आवळलं की जास्तच उडतो."

मालनबाईंनी दात-ओठ खाऊन आवळलं. टक्! अंगठा दुप्पट उडाला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. टक्! मुठीत धरलेल्या कोंबडीसारखा तो आतल्या आत फडफडला. "गुमान बस, मुडद्या!" त्या खेकसल्या. दारातले पेशंट आपापले आजार विसरून हसायला लागले.

मग उषा बसली. टक्! अंगठा जागचा हलेना. मागाहून जरासा थरथरला.

"पाह्यलं? अंगठा बी कामचुकार!"

"त्यांनी काही केलंच नाही, मावशी," डॉक्टरीण म्हणाली. "निरोप यंत्रानं धाडला. मोटारीच्या वायरवरचं रबर झिजावं तसं यांच्या नसांवरचं आवरण झिजलंय, म्हणून तो रखडला. यात नाटक करायला जागाच नाही."

मालनबाई भर लग्नात इज्जत घालवणाऱ्या भावकीकडं बघावं, तसं आपल्या अंगठ्याकडं बघत राहिल्या.

स्टँडवर हसनाबादची गाडी लागली होती. उषा पिशवी छातीशी धरून खाली बघत उभी होती.

"माय, गाडी लागली," धर्मराज चाचरत म्हणाला.

"लागू दे. कोण चाल्लंय?" त्यांनी सुनेच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "माझा अंगठा माझं ऐकत न्हाई, अन् तिच्या पायाला मी हुकूम सोडू? घरची बघ, भोकरदनची."

भोकरदनच्या गाडीत चढताना उषाचा पाय पायरीवर अडला. "जल्दी चढा हो बाई!" कंडक्टर ओरडला.

मालनबाईंनी सुनेचा दंड धरला आणि त्या कंडक्टरवर कडाडल्या, "थांब की रे! वरून निरोप निघालाय. पोचंल खाली!"